कोरस घ्या, पण जाड तार वाजवून बघून घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र आलंय. वाचून दोन दिवस गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून लिहायला घेतलं. काकांचं म्हणणं असं की हल्लीच्या ऑर्केस्ट्रातल्या पोरांना धड सूर लावता येत नाही आणि पायाखाली रंगीत डबे मात्र चार-चार, आईबापाच्या पैशाचा चुराडा, आणि एवढं करून काढतात काय तर आवाज नुसता हलवतात, आमच्या वेळी तंबोऱ्यावर मैफिली झाल्या तेव्हा कुठं होते डबे. आधी एक बारकी गोष्ट सांगतो, तुमच्याकडं पत्रात "बास गिटार" छापलंय, ते बेस गिटार हो. बास म्हणजे पुरे आणि बेस म्हणजे झ्याक, आपल्या सांगलीत तरी हा फरक पोराटोरालाही कळतो, एवढं पुढच्या वेळी बघा म्हणजे झालं.

मी विश्रामबागेत राहतो, माधवनगर रोडला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि बावीस वर्षं झाली बेस वाजवतोय. लग्नं, जत्रा, गणपती, कुणाची एकसष्टी, मिळेल तिथं. नोकरी म्हणून नाही, नाद म्हणून. तेव्हा काकांनी ज्यांच्यावर पत्र लिहिलंय त्यातलाच मी एक, फक्त आता पोरगा राहिलेलो नाही, केस पांढरे झालेत. माझ्याही पायाखाली डबे आहेत, म्हणजे पायानं चालू-बंद करायची, आवाज बदलणारी पेडलं, तीन. त्यातला एक कोरसचा आहे आणि काका जो "हलवलेला आवाज" म्हणतायत तो बहुतेक त्याचाच.

काकांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. पैसे वाया जातात, माझेही गेलेत. पण ते डब्यापायी नाही गेले, डबा चुकीच्या पद्धतीनं निवडला म्हणून गेले, आणि तेवढं जर चार पोरांना आधी कळलं तर त्यांचे वाचतील, त्यासाठी ही उठाठेव.

झालं असं. सात-आठ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या पोराकडनं साडेतीन हजाराला एक कोरस पेडल सेकंडहँड घेतलं. गिटारवाल्यांचं होतं, चांगल्या कंपनीचं, पेडलात काही खोट नव्हती. घरी छोट्या अँपला लावलं, आठ इंची स्पीकर, काय गोड वाजलं म्हणून सांगू, नुसता एक सूर धरला तरी पाण्यावर ऊन हललं की छतावर कसं दिसतं तसं व्हायला लागलं. बायको आतनं येऊन म्हणाली हे काय नवीन, बरं वाटतंय. आमच्या घरात बेसला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. पुढच्याच आठवड्यात तासगावच्या बाजूला एका गावात जत्रेचा कार्यक्रम होता तिथं घेऊन गेलो.

दुसरं गाणं जी मधलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसरा पडदा दाबला की खालचा जी मिळतो आणि अशा गाण्यात सगळी इमारत त्या एका सुरावर उभी असते. मी कोरस चालू केला आणि तो जी जायला लागला. म्हणजे यायचा, जायचा, परत यायचा. ढोलकी चालू, कीबोर्ड चालू, किकचा धप्पा चालू, आणि बेस मधेच असा गायब जसा लोडशेडिंगला पंखा. साउंडवाल्याला वाटलं माझी वायर सैल आहे, त्यानं लांबनं हातवारे केले, मी वायर हलवली, काही नाही. मग त्यानं फेडर वर ढकलला, तेवढ्यात सूर परत आला आणि सगळ्या सबवूफरनं असा काही गडगडाट केला की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. गायिकेनं गाता गाता मागं वळून बघितलं, ते बघणं अजून विसरलो नाही. शेवटी पायानं पेडल बंद केलं आणि उरलेला कार्यक्रम गुपचूप वाजवला. परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही. काकांनी त्या दिवशी पत्र लिहिलं असतं तर मी सही केली असती खाली.

आता मी मोटरी बांधणारा माणूस, बिघाड झाला की उघडून बघितल्याशिवाय झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून कागद-पेन्सिल घेतली. कोरस काय करतो, तर तुमच्या आवाजाचे दोन भाग करतो, एक तसाच सोडतो आणि दुसरा जरासा उशिरा सोडतो, दहा-वीस मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा-पन्नासावा भाग. आणि तो उशीरही एक ठेवत नाही, हळूहळू कमीजास्त करत राहतो. उशीर बदलत असला की दुसऱ्या आवाजाचा सूर किंचित चढतो किंचित उतरतो, मग दोन्ही एकत्र झाले की दोन माणसं एकच गाणं जोडीनं म्हणतायत असं वाटतं. म्हणून नाव कोरस. एवढं सोपंय.

पण त्यातच गोम आहे. खालचा जी म्हणजे सेकंदाला 49 हेलकावे. एका हेलकाव्याला साधारण 20 मिलिसेकंद लागतात. दुसरा आवाज जर बरोबर 10 मिलिसेकंद उशिरा आला तर पहिला वर जातोय तेव्हा दुसरा खाली जाणार. दोघं सारख्या ताकदीचे असले तर बेरीज शून्य! दोन माणसं एकच गाडी समोरासमोर ढकलतायत, गाडी जाग्यावर. उशीर थोडा बदलला की सूर परत येणार. माझा जी असा जाऊन येत होता. वायरचा दोष नव्हता, साउंडवाल्याचाही नव्हता, गणितच तसं होतं. आणि नुसता जी नाही. सगळ्यात जाड मोकळी तार म्हणजे ई, ती 41 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 41 हेलकावे, ती साधारण 12 मिलिसेकंदाला पडते. त्याच्या वरची ए, 55 हर्ट्झ, ती 9 ला. म्हणजे ज्या पेडलचा उशीर 9 ते 12 मध्ये झुलतो ते पेडल ई पासून ए पर्यंतचा एकेक सूर आळीपाळीनं खाणार. बेसवाल्याचं निम्मं आयुष्य त्या पाच पडद्यांत जातं हो!

मग वरच्या सुरांना असं का होत नाही, किंवा गिटारला का होत नाही? त्यांनाही होतं, पण तिथं होतं ते हवंहवंसं वाटतं. त्या सुरात वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे बारीक वरचे सूर, भरपूर असतात, एक कापला जातो तेव्हा शेजारचा राहतो, ही कापाकापी सरकत राहते आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. बेसच्या खालच्या सुरातही वरचे स्वरांश शिल्लक राहतातच, फक्त मूळ सूर, ज्याच्या जोरावर पोटात दणका बसतो, तोच जातो. आणि म्हणूनच मला घरी कळलं नाही! आठ इंची स्पीकर 49 हर्ट्झ मुळात वाजवतच नाही म्हटलं तरी चालेल, तो वरचे स्वरांश वाजवतो आणि उरलेलं आपला कान मनानं भरून घेतो. जो सूर वाजतच नव्हता तो गेलेला कळणार कसा. जत्रेत अठरा इंची सब लागले आणि सोंग उघडं पडलं. दुकानात पोरं जातात तेव्हा हेच होतं, कोपऱ्यातल्या छोट्या अँपला किंवा हेडफोनला लावून बाराव्या पडद्याच्या पुढं चार गोड जागा वाजवतात, वा वा म्हणतात, पैसे देतात. यूट्यूबवर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून घेणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

तर माझं सांगणं एवढंच आहे की बेससाठी कोरस घेताना कंपनी, किंमत, रंग, कोण कलाकार वापरतो हे सगळं नंतर, आधी हे बघा की ते पेडल खालच्या सुरांना हात न लावता वरच्यावर काम करतं का. बेससाठी म्हणून जी पेडलं निघतात त्यात ही सोय बहुतेक वेळा असते, फक्त नावं वेगळी. बॉसच्या सीईबी-3 वर लो फिल्टर नावाचं बटण आहे, ते फिरवलं की कोरस झालेल्या आवाजातनं खालचा भाग निघून जातो आणि तुमचा मूळ खालचा सूर सरळ पुढं जातो. एमएक्सआरच्या बेस कोरस डिलक्सला आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस क्लोनला एक्स-ओव्हर असं लिहिलेला स्विच आहे, काम तेच. गंमत बघा, बेसच्या चार मोकळ्या तारा 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झच्या, चारही शंभरच्या आत. म्हणजे शंभरच्या आसपास जर रेघ मारली आणि खाली कोरस जाऊच दिला नाही, तर चारही मोकळ्या तारांचा पाया जाग्यावर राहतो आणि त्यांचे वरचे स्वरांश मात्र चमकतात. पाच तारांचा बेस असेल तर खालचा बी 31 हर्ट्झला, त्याला तर ही रेघ हवीच हवी.

जिथं असा स्विच नाही तिथं निदान मिक्सचं किंवा इफेक्ट लेव्हलचं बटण तरी बघा. दोन आवाज सारखे असले तरच बेरीज शून्य होते, कोरसचा आवाज निम्म्यावर आणला तर सूर खचतो पण मरत नाही. नुसतं रेट (आवाज किती भरभर झुलतो) आणि डेप्थ (किती झुलतो) अशी दोनच बटणं असतील तर ते पेडल गिटारवाल्या मित्राला द्या, तो खूश होईल.

दुकानात बघायचं कसं ते सांगतो, मी नंतर असंच केलं. घरचा बेस घेऊन जायचा, दुकानातला नको. मोठ्यातला मोठा स्पीकर मागायचा, निदान पंधरा इंची, दुकानदार जरा कुरकुरतो पण देतो. रेट एकदम हळू, डेप्थ पूर्ण, म्हणजे पेडलला जेवढी खोडी करता येते तेवढी करू द्यायची. मग जाड तारेवर तिसरा पडदा दाबून एक सूर लांब धरायचा आणि दुसऱ्या हाताचा तळवा स्पीकरच्या प्लायवूडला लावायचा. कान फसतो, तळवा फसत नाही. थरथर एकसारखी राहिली तर ठीक, आणि मांजराच्या पाठीसारखी वर-खाली व्हायला लागली तर लो फिल्टर फिरवून बघायचं, तरी थांबली नाही तर धन्यवाद म्हणून बाहेर. मिक्सर असेल तर त्याच्या मीटरचे हिरवे दिवे बघा, तेही चढ-उतार करतात, दिसायला फार सोपं. मोकळी ई, मोकळी ए पण तशीच वाजवायची. हे सगळं झाल्यावर मग खुशाल वरच्या जागा वाजवा, मन भरेपर्यंत. आणि पेडल चालू-बंद करताना आवाज मोठा-लहान होतो का ते बघा, चालू केल्यावर आवाज जरा वाढला की माणसाला ते पेडल उगाचच चांगलं वाटतं, मीही त्यात फसलोय.

अ‍ॅनालॉग का डिजिटल ह्यावर आमच्यातली पोरं अशी भांडतात जशी निवडणूकच आहे. अ‍ॅनालॉगमध्ये उशीर करायला एक चिप असते, तिला बकेट ब्रिगेड म्हणतात, 1969 साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत ही कल्पना निघाली. आपल्याला समजवायला सोपी आहे. 2019 च्या पुरात आपल्याकडं माणसांची साखळी करून पाण्याच्या बाटल्या, पोती कशी हातोहात पुढं दिली, तसं त्या चिपमध्ये एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला आवाजाचा तुकडा द्यायचा. एमएन3007 म्हणून चिप आहे तिच्यात असे 1024 टप्पे. साखळी हळू चालवली की उशीर जास्त, भरभर चालवली की कमी, आणि तो वेग हलवत ठेवला की झाला कोरस. एवढ्या हातांतनं जाताना थोडं सांडतंच, म्हणून आवाजाची वरची धार बोथट होते आणि बारीक सूं ऐकू येतं, तिलाच लोक ऊबदार आवाज म्हणतात. डिजिटलमध्ये सांडत नाही. आता बेसला ती अगदी वरची धार मुळात असतेच किती? म्हणून माझं स्पष्ट मत, बेसवाल्यानं ह्या भांडणात पडूच नये. लो फिल्टर असलेलं डिजिटल, लो फिल्टर नसलेल्या जुन्या दुर्मिळ अ‍ॅनालॉगपेक्षा जत्रेत शंभर पटीनं उपयोगी. जुनं ते सोनं हे दागिन्यांना ठीक आहे.

स्टिरिओचं पण एक आहे. 1975 ला रोलंडचा जेसी-120 नावाचा अँप आला, त्यात दोन स्पीकर, एकातनं साधा आवाज आणि दुसऱ्यातनं झुलता, दोघांची भेट हवेत, खोलीत बसून ऐकणाऱ्याला लय भारी वाटतं. त्याच अँपातली कोरसची करामत वेगळी काढून पुढच्या वर्षी बॉसनं सीई-1 हे पेडल काढलं, बॉसचं ते पहिलं पेडल. म्हणून बऱ्याच कोरसला मागं दोन आउट असतात. पण आपल्या गावांत साउंड लागतो तो मोनो, डाव्या-उजव्या टॉपला तेच. काही पेडलांच्या दुसऱ्या आउटला झुलता आवाज उलटा करून दिलेला असतो, तुम्ही दोन्ही वायरी दिल्या आणि साउंडवाल्यानं त्या एकत्र केल्या की उलट-सुलट होऊन कोरसच गायब, तुम्ही पायानं दाबत बसा. तेव्हा आपल्याकडं एकच वायर, मोनोवाल्या आउटमधनं. जास्तीचे पैसे स्टिरिओसाठी मोजायची गरज नाही, स्टुडिओत वाजवणार असाल तर गोष्ट वेगळी.

करंटचं माझ्या धंद्यातलं म्हणून सांगतो. ह्या पेडलांना 9 व्होल्ट लागतो आणि बहुतेकांची पिन उलटी असते, म्हणजे मधे मायनस, बाहेर प्लस. घरातला राउटरचा किंवा जुन्या खेळण्याचा अडॅप्टर पिन बसतेय म्हणून लावू नका, त्यातल्या पुष्कळांचं मधे प्लस असतं आणि व्होल्टेज पण वेगळा. माझ्या दुकानात अशी जळालेली दोन पेडलं आलीत, दोन्ही वेळा पोरगं म्हणालं पिन तर बसली होती. अ‍ॅनालॉग कोरस अगदी थोडक्यावर चालतो, वीसेक मिलिअँपियर, डिजिटलला शंभरच्या आसपासही लागतात, म्हणून अडॅप्टरवरचा आकडा बघून घ्यायचा. बॅटरीवर वापरणार असाल तर कार्यक्रम संपला की इनपुटची वायर काढायची, ती पिन आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते, दिवा बंद असला तरी. मी एकदा वायर तशीच ठेवून पेडल बॅगेत भरलं आणि दुसऱ्या दिवशी मिरजेच्या एका लग्नात मंगलाष्टका संपेपर्यंत दुकान शोधत फिरलो.

ज्यांच्याकडं गिटारचं कोरस आधीच पडून आहे त्यांनी लगेच विकायची घाई करू नका. डीआय बॉक्स, म्हणजे बेस मिक्सरला जोडायचा डबा, असेल तर त्याला दुसरं एक आउट असतं, लिंक किंवा थ्रू लिहिलेलं. बेस डीआयमध्ये घालायचा, त्याचा साधा आवाज मिक्सरच्या एका चॅनेलला, आणि थ्रूमधनं वायर काढून कोरसमधनं दुसऱ्या चॅनेलला. त्या दुसऱ्या चॅनेलचं लो कटचं, म्हणजे खालचे सूर कापायचं, बटण दाबायचं आणि ईक्यूमधनं लो पण पूर्ण उतरवायचा. झालं, पहिल्या चॅनेलवर पाया, दुसऱ्यावर नक्षी. फक्त साउंडवाल्याला आधी चहा पाजावा लागतो, कारण एका बेसला दोन चॅनेल म्हटलं की त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

नवीन शिकणाऱ्यानं तर माझ्या मते आधी कोरस घेऊच नये. आवाजाचा चढ-उतार सारखा करणारा कंप्रेसर घ्या, ट्यूनर घ्या, नाहीतर नव्या तारा घ्या. अगदीच हौस असेल तर बेससाठीचा छोटा मल्टिइफेक्ट घ्या, झूमचा बी1 फोर किंवा तसला, त्यात कोरस असतोच, वर्षभर वापरून आपल्याला तो खरंच किती गाण्यांत लागतो ते कळतं. मला विचाराल तर दहात दोन. लावणीला बंद, गोंधळाला बंद, धनगरी ढोलावरचं काही असेल तर पायसुद्धा जवळ नेत नाही. संथ भावगीताच्या सुरवातीला, गायक अजून यायचाय आणि मी सातव्या पडद्याच्या पुढं बारीक तारांवर दोन ओळी वाजवतोय तेव्हा चालू, रेट हळू, डेप्थ चतकोर. गाणं खाली बसलं की बंद. न्यू ऑर्डर बँडमध्ये पूर्वी असलेला पीटर हूक म्हणून इंग्लंडमधला बेसवाला आहे, कोरस म्हटलं की सगळे त्याचं नाव घेतात, तो क्लोन थिअरी नावाचं इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पेडल वापरायचा. पण त्याची बोटं बघा कुठं असतात, बेसच्या वरच्या पडद्यांवर, बारीक तारांवर, गिटारसारखी चाल वाजवतो तो. पोरं त्याचं पेडल बघतात आणि बोटं बघत नाहीत.

आता काकांच्या तंबोऱ्याकडं येतो. काका, राग मानू नका, पण तुम्ही नेमका चुकीचा साक्षीदार काढलाय. माझी मुलगी गाणं शिकते, तिचा तंबोरा जवारी काढायला गेल्या वर्षी मिरजेत घेऊन गेलो होतो. मिरजेचं तुम्हाला मी काय सांगायचं, अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज, आणि आता 2024 ला तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालंय. त्या कारागिरांच्या पुढ्यात मांडी घालून तासभर बसलो. घोडीवर कानस फिरवायची, तार ठेवायची, वाजवायची, मान हलवायची, परत तार काढून कानस. मग दोरा सरकवत सरकवत एका जागी आवाज एकदम उमलला. तो भाग वेगळाच, त्यावर मी बोलायचा अधिकारी नाही.

पण नंतर त्यांनी मधल्या जोडीच्या दोन तारा जुळवायला घेतल्या. पहिली लावली, दुसरी जवळ आणायला लागले. लांब होती तोवर वांव-वांव-वांव असं भरभर भांडण चाललेलं, जसजशी जवळ आली तसं ते संथ झालं, वांऽऽव, वांऽऽऽव, आणि अगदी मिळायच्या आधी तीन-चार सेकंद असे आले की दोन्ही तारांचा मिळून एकच मोठा आवाज सावकाश श्वास घेतोय. मी एकदम म्हणालो, "थांबा थांबा, हेच, हेच कोरस!" ते मणी सरकवायचे थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "थांबून कसं चालंल, अजून मिळाली कुठं?" आणि मणी केसभर सरकवला, आवाज स्थिर झाला, श्वास संपला.

त्यांच्या लेखी ती वाटेतली जागा होती, तिथं कुणी मुक्काम करत नाही. आम्ही पेडलवाले तिथंच मुक्काम करतो, एवढाच काय तो फरक, आणि काकांची तक्रार ह्या मुक्कामाबद्दल असेल तर त्यावर वाद घालता येईल, मी घालीनही. पण तो आवाज डब्यानं परदेशातनं आणला असं म्हणू नका. दोन सुरांच्या जुन्या पेटीतला एक सूर जरा उतरला की ती जशी थरथरते, किंवा हरिपूरच्या भजनात दहा जण एक अभंग धरतात आणि एकाचाही सूर दुसऱ्याला तंतोतंत चिकटत नाही तरी ऐकत बसावंसं वाटतं, ते सगळं ह्याच घरातलं आहे. आणि कारागीर सुद्धा बघा, जोडीच्या तारा जुळवताना खर्जाच्या तारेला हात लावत नव्हते. ती खालची जाड पितळी तार, जिच्यावर बाकी सगळं उभं आहे, ती आपली एकटी, तिला जोडी नाही.

माझं ते गिटारचं पेडल शेवटी आमच्या कीबोर्डवाल्याच्या पुतण्याला दिलं, तो गिटार वाजवतो, त्याच्याकडं सुखात आहे. मी लो फिल्टरवालं घेतलं, सेकंडहँडच, तळवा प्लायवूडवर ठेवून. पुढच्या वर्षी त्याच तासगावच्या बाजूच्या गावात परत बोलावणं आलं, तीच गायिका, तेच जी मधलं गाणं. दुसऱ्या कडव्याच्या आधी चालू केलं. तिनं मागं वळून बघितलं नाही.

काका, येत्या गणपतीत आमचा कार्यक्रम विश्रामबागेतच आहे. वेळ काढून या, पुढची खुर्ची ठेवतो, सबच्या समोर नको, जरा बाजूला. कोरस कधी चालू केला ते तुम्ही ओळखायचं, मी सांगणार नाही.

आपला,
एक बेसवाला,
विश्रामबाग, सांगली